‘औषध घ्या’ हे उझबेकमध्ये कसं सांगायचं? समरकंदच्या वॉर्डातल्या एका शब्दयादीचं प्रकरण

पार्श्वभूमी

उझबेकिस्तानातल्या वैद्यकीय विद्यापीठांत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात. त्यांत महाराष्ट्रातली मुलंमुलीही असतात. शिकवणं इंग्रजीतून चालतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा लागतो. शिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिपही त्याच परदेशी संस्थेत करावी लागते. त्यामुळे पुस्तक इंग्रजी आणि खाटेवरचा पेशंट उझबेक, ही स्थिती टळत नाही.

उझबेक ही तुर्की कुळातली भाषा आहे. तिच्यात फारसी-अरबी शब्दांचा मोठा साठा आहे आणि सोव्हिएत काळात रशियन शब्दांचीही भर पडली. लिपीही बदलत गेली. १९२९ च्या सुमारास अरबी लिपी जाऊन लॅटिन आली, १९४० मध्ये सिरिलिक, म्हणजे रशियनची लिपी, आली आणि १९९३ च्या कायद्याने पुन्हा लॅटिनकडे वळायचं ठरलं. आजही दोन्ही लिप्या वापरात आहेत. तरुण माणसं लॅटिन सहज वाचतात, पण ज्यांची शाळा सिरिलिकमध्ये झाली त्यांना सिरिलिकच जवळची वाटते. समरकंदमध्ये आणखी एक गोष्ट आहे. तिथल्या बऱ्याच कुटुंबांत घरची भाषा ताजिक असते.

हे प्रकरण समरकंदमधल्या तिसऱ्या वर्षाच्या एका गटाचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गटात मराठी बोलणारे काही जण होते. वॉर्डात जायची वेळ जवळ आली तेव्हा त्यांनी रोजच्या वापरातल्या सुमारे ३०० इंग्रजी शब्दांची यादी केली. भाषांतराच्या ॲपमधून एकेक शब्द उझबेकमध्ये काढला, शेजारी देवनागरीत उच्चार लिहिला आणि प्रती वाटल्या. हेतू चांगला होता आणि मेहनतही खरी होती.

अडचण काय झाली

पहिला धोका औषधावरून पुढे आला. यादीत इंग्रजी ‘टेक’समोर ‘ऑलमॉक़’ असं होतं. ऑलमॉक़ म्हणजे हातात घेणं, आणणं, विकत घेणं. एका विद्यार्थ्याने गोळ्यांकडे बोट दाखवून पेशंटला ‘दॉरीनी ऑलिंग’ (औषध घ्या) असं सांगितलं. पेशंटचा मुलगा उठला आणि सरळ दॉरीख़ॉन्यात, म्हणजे औषधांच्या दुकानात गेला. गोळ्या खाटेशेजारच्या कपाटावरच होत्या. उझबेकमध्ये गोळीसुद्धा ‘पितात’. साध्या बोलण्यात ‘दॉरी इचिंग’ म्हणतात, तर कागदोपत्री ‘क़बूल क़िलिंग’. मराठी ‘औषध घ्या’मध्येही हे दोन्ही अर्थ दडलेले आहेत, पण आपल्याला ते प्रसंगावरून कळतात. परक्या उच्चारात सुटं वाक्य ऐकणाऱ्याला प्रसंगाचा तेवढा आधार मिळत नाही.

त्याच आठवड्यात पोटदुखीच्या एका आजींना शौचाबद्दल विचारायचं होतं. यादीत ‘स्टूल’समोर ‘कुर्सी’ होतं. विद्यार्थ्याने तो शब्द प्रश्नाच्या सुरात दोनदा उच्चारला. आजींच्या सुनेने बाजूचं स्टूल पुढे सरकवलं आणि त्याला बसायची खूण केली. वैद्यकीय अर्थाने तिथे ‘नजास’ हा शब्द आहे, तपासणीच्या चिठ्ठीवरही तोच असतो. पण वयस्कर बाईला थेट नजासबद्दल विचारणं रुक्ष वाटतं. ‘इच केतिश’ म्हणजे जुलाब आणि ‘इच क़ॉतिश’ म्हणजे बद्धकोष्ठ. यांपैकी काय होतंय, असं विचारलं तर उत्तर लगेच मिळतं.

यादी चाळली तर असे शब्द जागोजागी सापडले. इंग्रजीतला ‘कोल्ड’ घ्या. हवा गार असेल तर ‘सॉवुक़’, पण सर्दी झाली असेल तर ‘शामॉल्लाश’. हा शब्द ‘शामॉल’ म्हणजे वारा यावरून आला आहे, आपल्याकडे वारं बाधलं म्हणतात तसाच. ‘हॉट’चंही तेच. गरम म्हणजे ‘इस्सिक़’, तिखट म्हणजे ‘अच्चिक़’, आणि ताप असेल तर ‘इसितमा’. ‘पीरियड’समोर ‘दाव्र’, म्हणजे कालखंड, असं होतं. मासिक पाळीला ‘हाय्ज़’ म्हणतात. ‘राइट’समोर ‘तोग़्री’ होतं, म्हणजे बरोबर. उजवा हात विचारायचा तर ‘ओंग’ हवा. ‘बॅक’समोर ‘ऑर्क़ा’, म्हणजे पाठ, होतं, पण वाकून काम करणारा माणूस जी जागा दाखवतो तिला ‘बेल’ म्हणतात. हा बेल म्हणजे आपली कंबर.

वेळेच्या शब्दांतला गोंधळ उशिरा लक्षात आला आणि तो जास्त घातक होता. ‘केचा’ म्हणजे काल, ‘केचासी’ म्हणजे रात्री आणि ‘केचक़ुरुन’ म्हणजे संध्याकाळी. ‘एर्तालाब’ सकाळी, तर ‘एर्तागा’ उद्या. घाईत शब्दाचा शेवट गिळला गेला की ‘रात्रीपासून दुखतंय’ आणि ‘कालपासून दुखतंय’ यांतला फरक नोंदीतून नाहीसा होतो.

शब्द बरोबर असूनही वाक्य मोडत होतं, हा वेगळा प्रकार. यादीत अवयवांची नावं होती आणि खाली ‘अमुक ऑग़रियापतीमी?’ (अमुक दुखतंय का?) असा साचा दिला होता. साच्यात मूळ नाव तसंच बसवलं की परक्यासारखं ऐकू येतं, कारण उझबेकमध्ये अवयवाला ‘तुमचा’ हा प्रत्यय लागतो आणि तो लागताना शब्दही बदलतो. बॉश (डोकं) चं बॉशिंगिज़ होतं, इथपर्यंत सोपं. पण क़ॉरिन (पोट) चं क़ॉर्निंगिज़, बुरुन (नाक) चं बुर्निंगिज़ आणि ऑग़िज़ (तोंड) चं ऑग़ज़िंगिज़ होतं, कारण मधला स्वर गळतो. ऑयॉक़ (पाय) चं ऑयॉग़िंगिज़ होतं, युराक (हृदय) चं युरागिंगिज़. तिज़्ज़ा (गुडघा) स्वरान्त असल्यामुळे त्याचं नुसतं तिज़्ज़ांगिज़. ज्यांनी शाळेत सामान्यरूपं घोकली आहेत त्या मराठी मुलांना हे समजायला वेळ लागत नाही. पण इंग्रजी स्तंभातून निघालेल्या यादीला अशा बदलासाठी जागाच नव्हती.

कोणते पर्याय समोर होते

औषधाचा प्रसंग घडल्यावर वॉर्डच्या शिक्षिकेने यादीचा वापर थांबवायला सांगितलं. निदान औषधाचा डोस आणि वेळ सांगताना यादी वापरायची नाही, असं ठरलं. निर्णयाची पहिली जागा ही होती. गटातल्या काहींना यादी सरसकट बाजूला ठेवायची होती, तर काहींना ‘बसा, झोपा, श्वास घ्या’ एवढा भाग चालू ठेवायचा होता. शेवटी दुसरं मत मान्य झालं, आणि ते योग्यच होतं. पेशंटशी एक शब्दही न बोलता पोट तपासायला हात पुढे करणं जास्त वाईट.

यादीचं पुढे काय करायचं, यावर चार सूचना आल्या. एक सूचना होती की शब्दांऐवजी पूर्ण इंग्रजी वाक्यं ॲपला द्यायची. याने बरेच दोष जातात. ‘टेक धिस टॅब्लेट’ दिलं तर ॲप बहुतेकदा ठीक उत्तर देतं. पण कुठलं वाक्य चुकलंय हे ओळखायला उझबेक येणारा माणूस लागतोच. दुसरी सूचना रशियन शिकण्याची होती. वरच्या वर्गातले विद्यार्थी हेच सुचवत होते. शहरातले डॉक्टर आणि मध्यमवयीन पेशंट रशियन बोलतात, हे खरं आहे. खेड्यातून आलेल्या बाईशी आणि लहान मुलांशी बोलताना मात्र ती पुरत नाही. तिसरी सूचना अशी की दर वेळी स्थानिक वर्गमित्राला सोबत घ्यायचं. हा सर्वांत सुरक्षित मार्ग, पण तो मित्र रात्रपाळीला असेलच असं नाही.

चौथी सूचना गटातल्या एका मराठी मुलीची होती. इंग्रजी स्तंभ काढून टाकायचा, प्रसंग मराठीत लिहायचा आणि त्यावरून उझबेक वाक्य बसवायचं. सुरुवातीला हे उलटं वाटलं, कारण गटात तमिळ आणि मल्याळी बोलणारेही होते. पण तिने दिलेली उदाहरणं पटण्यासारखी होती. इंग्रजीत ‘हँड’ आणि ‘आर्म’ असे दोन शब्द आहेत. उझबेकमध्ये दोहोंना ‘क़ोल’ आणि मराठीत ‘हात’. ‘ऑयॉक़’ आणि ‘पाय’ यांचंही तसंच. इंग्रजीतला एकच ‘यू’ उझबेकमध्ये सेन आणि सिज़ असा दोन होतो, अगदी तू आणि तुम्हीसारखा. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ‘जेवणानंतर’ म्हणजे ‘ऑवक़ातदान केयिन’, इथेही क्रम आपलाच. ‘एव्हरी अदर डे’चं शब्दशः भाषांतर अर्थहीन होतं, पण ‘दिवसाआड’साठी उझबेकमध्ये ‘कुनॉरा’ हा एकच शब्द आहे. दॉरीख़ॉना, कसालख़ॉना, ऑशख़ॉना, चॉयख़ॉना या शब्दांतला ख़ॉना आपल्या दवाखान्यातला आणि कारखान्यातला आहे.

काय केलं

चौथी सूचना स्वीकारली आणि तिला तिसरीची जोड दिली. दोन स्थानिक विद्यार्थ्यांनी मदत करायचं कबूल केलं. शिक्षिकेने अट घातली की डोस आणि औषधाच्या वेळेची वाक्यं ती स्वतः तपासेल.

नव्या तक्त्यात प्रत्येक ओळ एका प्रसंगाची होती. आधी प्रसंग आणि मराठी वाक्य, मग उझबेक लॅटिन, उझबेक सिरिलिक आणि देवनागरी उच्चार. शेवटचा स्तंभ होता पेशंट काय उत्तर देईल याचा, आणि सगळ्या तक्त्यात तोच सर्वांत मोलाचा ठरला. प्रश्न विचारणं सोपं असतं. ‘काय होतंय?’ असं विचारलं की पेशंट दोन मिनिटं बोलतो आणि त्यातलं काहीच कळत नाही. म्हणून ज्यांचं उत्तर हा (हो), योक़ (नाही), बोट दाखवून किंवा आकड्याने देता येईल असेच प्रश्न ठेवले. ‘क़ायेरिंगिज़ ऑग़रियापती?’ (कुठे दुखतंय?) या प्रश्नाचं उत्तर पेशंट हाताने देतो. ‘नेचा कुन?’ (किती दिवस?) असं विचारलं की आकडा येतो. त्यामुळे आधी आकडे पाठ केले. ऑल्ती (६) आणि ऑल्तमिश (६०), येत्ती (७) आणि येतमिश (७०) या जोड्या कानाने ओळखण्याचा सराव वेगळा केला.

अवयवांसाठी दोन स्तंभ झाले, एक मूळ शब्दाचा आणि एक ‘तुमचा’वाल्या रूपाचा. रूपं नियमाने तयार करायची नाहीत, प्रत्येक रूप स्थानिक विद्यार्थ्याकडून ऐकूनच भरायचं, असं ठरलं.

औषधाच्या वाक्यांत शिक्षिकेने एक गोष्ट दाखवून दिली, जी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. ‘दिवसातून तीनदा एक गोळी’ याला तिथे ‘बिर ताब्लेतकादान कुनिगा उच महाल’ म्हणतात. यातला ‘दान’ हा प्रत्यय ‘एकेक’चं काम करतो. तो सुटला तर एकच गोळी तीन वेळांत विभागायची की काय, अशी शंका घ्यायला जागा राहते. मराठी स्तंभात ‘एक गोळी’ ऐवजी ‘एकेक गोळी’ लिहिल्यावर हा प्रत्यय कुणी विसरलं नाही. चमच्यांतही असाच फरक होता. छोटा चमचा, साधारण ५ मिलिलिटरचा, तो ‘चॉय क़ॉशिक़’, आणि मोठा, १५ मिलिलिटरचा, तो ‘ऑश क़ॉशिक़’. इंग्रजी ‘टेबलस्पून’मधल्या टेबलाचा तिथे संबंध येत नाही.

बोलण्यातले आणि कागदावरचे शब्द, यांची निवड ही निर्णयाची दुसरी जागा. कागदावर तपासणीला ‘तहलील’ आणि रक्तदाबाला ‘क़ॉन बॉसिमी’ म्हणतात. वॉर्डात मात्र ‘अनालीज़’, ‘दावलेनिये’ आणि इंजेक्शनला ‘उकोल’ हेच रशियन शब्द ऐकू येतात. गटाने बोलायला प्रचलित शब्द ठेवले आणि कागदावरचे शब्द वाचून ओळखता यावेत म्हणून शेजारी लिहिले. शुद्ध भाषेचा आग्रह धरणाऱ्या एका स्थानिक विद्यार्थ्याला हे आवडलं नाही. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण दुखणाऱ्या माणसासमोर त्याला समजणारा शब्द आधी हवा.

हाक मारायच्या शब्दांवर बराच वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. इंग्रजीतला एकच ‘अंकल’ तिथे काका असेल तर अमाकी आणि मामा असेल तर तॉग़ा. ‘आंटी’ आत्या असेल तर अम्मा, मावशी असेल तर ख़ॉला. आपली चार नाती तिथेही चारच. पण दोन जागी मराठी आणि भारतीय कान फसतो. ‘अम्मा’ म्हणजे आत्या, आई नव्हे. आणि ‘अका’ म्हणजे मोठा भाऊ. मराठी मुलांच्या तोंडून तो ‘अक्का’ असा निघत होता आणि मनात मोठ्या बहिणीचंच चित्र येत होतं, म्हणून ती हाक बायकांना जात होती. मोठ्या बहिणीला ‘ऑपा’ म्हणतात. शेवटी पुरुषांना अका, बायकांना ऑपा आणि आईच्या वयाच्या बायकांना ख़ॉला, एवढंच ठरलं. सोबत क्रियापद नेहमी ‘सिज़’चं. यॉतिंग (झोपा), ओतिरिंग (बसा), नाफास ऑलिंग (श्वास घ्या). श्वासासाठी मात्र ऑलिंगच चालतं, हे इथे आवर्जून लिहून ठेवलं. बोलण्याची सुरुवात ‘अस्सालॉमु अलायकुम, याख़्शीमिसिज़?’ने करायची. तिथे विचारपूस न करता थेट कामाचं बोलणं तुटक वाटतं.

मग तपासणी झाली. एका स्थानिक विद्यार्थ्याने वाक्य बसवलं की दुसऱ्याने मराठी-इंग्रजी न पाहता त्याचा अर्थ सांगायचा. अर्थ जुळला नाही तर वाक्य परत. त्यानंतर उझबेक न येणाऱ्या मुलाने देवनागरीवरून वाक्य मोठ्याने वाचायचं आणि ऐकणाऱ्याने कागदाकडे न बघता ते करून दाखवायचं. लिपीच्या अडचणी इथेच उघड झाल्या. मराठीत च आणि ज दोन प्रकारे उच्चारतात. ‘चॉय’ काहींनी चहातल्या च ने वाचलं, काहींनी चमच्यातल्या च ने. म्हणून ‘च नेहमी चहातला’ असं वर ठळक लिहिलं आणि सौम्य, घर्षक उच्चारासाठी ज़ ठेवला. ‘इंगिज़’मधल्या ंग चा उच्चार वाङ्मयातल्या ङ सारखा आहे, त्यात वेगळा ग ऐकू येत नाही, हेही नोंदवलं.

संगणकावरची एक कटकट वेगळीच होती. लॅटिन उझबेकमधल्या ‘ओ’ आणि ‘ग़’ यांवर स्वल्पविरामासारखी खूण असते. तक्त्यात ती पाच वेगवेगळ्या चिन्हांनी टंकलेली निघाली, त्यामुळे शोधलं तर शब्द सापडेना आणि वर्णक्रमही बिघडला. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, त्या खुणेचं ठरलेलं चिन्ह ०२बीबी. शब्दाच्या मध्ये थांबा दाखवणारी दुसरी खूण असते, तिचं ०२बीसी. सगळ्या खुणा एकदम बदलल्या तर ही दुसरी खूण बिघडते. म्हणून लॅटिन ओ आणि जी यांच्या पुढची खूण आधी बदलली आणि उरलेल्या खुणा नंतर हाताने पाहिल्या.

परिणाम

३०० शब्दांच्या जागी सुमारे ९० वाक्यं उरली. पोट, छाती, सांधे आणि ताप यांची प्राथमिक विचारपूस त्यांतून करता येऊ लागली. सिरिलिक स्तंभाचा उपयोग अपेक्षेपेक्षा जास्त झाला. उच्चार कळला नाही तर म्हातारी माणसं कार्ड हातात घेऊन वाचायची आणि मान हलवायची. औषधाच्या वाक्यांबाबत नियम कायम राहिला की ती शिक्षिका किंवा नर्ससमोरच बोलायची, आणि पेशंटने ती स्वतःच्या शब्दांत परत सांगेपर्यंत पुढे जायचं नाही.

सगळं सुटलं असं नाही. ज्या पेशंटची घरची भाषा ताजिक होती त्यांतल्या काहींना उझबेक कळायचं, पण ते ताजिकमध्ये उत्तर द्यायचे. त्यांच्यापुढे तक्ता अपुरा पडला. ‘तो’ आणि ‘ती’ या दोहोंना उझबेकमध्ये ‘उ’ हा एकच शब्द असल्याने नातेवाईक कुणाबद्दल बोलतोय हेही पुष्कळदा कळत नसे. आणि तमिळ-मल्याळी विद्यार्थ्यांना मराठी स्तंभ बिनकामाचा होता. त्यांनी नंतर आपापल्या भाषेचा स्तंभ जोडला. ‘तुम्ही’ची रूपं, नाती आणि क्रियापदाची जागा त्यांनाही इंग्रजीपेक्षा आपल्या भाषेवरून पटकन लागली.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात ऐकण्यापासून व्हायला हवी होती. वॉर्डात पहिले काही दिवस नुसतं उभं राहून नर्स पेशंटशी काय बोलते ते टिपलं असतं, तर ‘इचिंग’, ‘उकोल’ आणि ‘बेल’ हे तिन्ही शब्द आपोआप मिळाले असते. शिक्षिकेला यादी वाटण्याआधी दाखवायला हवी होती. तिची नजर पडली असती तर ‘ऑलिंग’ पेशंटपर्यंत पोचलाच नसता.

देवनागरी उच्चारावर इतका भर देण्यापेक्षा प्रत्येक वाक्याचं ध्वनिमुद्रण करून ठेवणं बरं. क़ आणि क, ख़ आणि ह यांतला फरक कागदावरून शिकता येत नाही. आवाज एका पुरुषाचा आणि एका बाईचा असावा, आणि वेग वॉर्डातला असावा. सावकाश म्हटलेलं ‘केचासी’ सगळ्यांना कळतं, भराभर म्हटलेलं कळत नाही.

पेशंटच्या उत्तरांचा स्तंभ अंदाजाने भरला होता. तो खऱ्या उत्तरांवरून, नाव-गाव न टिपता, दर महिन्याला दुरुस्त करायचं ठरलं होतं. परीक्षा जवळ आल्यावर ते थांबलं. पुढच्या गटाला तक्ता देताना तोच स्तंभ रिकामा करून द्यावा, म्हणजे ते तो वॉर्डात ऐकून भरतील.